टेबलक्लॉथवर भरलेली नावं

प्रिय मेव्हिस,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आईचा नावांचा टेबलक्लॉथ धुऊन, इस्त्री करून नाताळच्या जेवणासाठी तयार ठेव, असं लिहिलं आहेस. फोनवर मी "बघते" म्हणाले होते, ते खोटं होतं. बघायचं काही उरलेलं नाही. मी तो कापला. त्यातून नाताळच्या झाडाला लटकवायच्या चांदण्या शिवून चर्चच्या नाताळ विक्रीत मांडल्या, आणि दुपारी दोनच्या आत सगळ्या संपल्या. शिव्या घालायच्या तर आत्ताच घाल, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

आई गेल्यावर तू ॲरिझोनाहून तीन दिवसांसाठी आलीस. चांदीचे काटेचमचे आणि भिंतीवरचं घड्याळ घेतलंस आणि कपाटात डोकावून म्हणालीस, "ह्या चिंध्या तुलाच असू देत गं, आर्लिस." त्या चिंध्यांतच तो होता, अभ्र्यांच्या खाली. तुला आठवला नाही. मीही आठवण करून दिली नाही.

ऑक्टोबरात आमच्या गुरुवारच्या शिवणाच्या बायकांनी ठरवलं की ह्या वर्षी विक्रीच्या चांदण्यांसाठी नवं कापड आणायचं नाही, प्रत्येकीने घरातलं जुनं आणायचं. आमच्यातली ओर्फा म्हणाली, "जुनं लिनन आपल्यासारखं असतं, वरून मऊ आणि फाडायला गेलात तर चिवट." चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडून आम्ही बसायचो. डाग असेल तो भाग टाकून द्यायचा, भरतकाम बरोबर मधोमध येईल असा कागदी साचा ठेवायचा, आत जुन्या उशांचा कापूस भरायचा. अभ्रे संपले, नॅपकिन संपले, तेव्हा मी टेबलक्लॉथ उलगडला. कापायचा म्हणून नाही, खरं सांगते. एकच चांदणी करायची होती, माझ्या नावाची, कोपऱ्यातून, कळणारही नाही अशी.

चाळीस नाताळ, मेव्हिस. जेवण झालं, कॉफी आली की आई पेन्सिल फिरवायची. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाने टेबलक्लॉथवरच सही करायची, आणि जानेवारीत आई त्या सह्या लाल दोऱ्याने भरायची. पाद्री, पोस्टमन, बाबांचे मासेमारीचे सोबती, तुझा नवरा, नवऱ्याचे आईवडील. तू ज्या अकरा नाताळांना आलीस त्या अकराही वेळा तुझं नाव. मी साचा हातात धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शोधलं. मी नव्हते.

मग आठवलं. सह्या व्हायच्या तेव्हा मी आत भांडी घासत असायचे. एकदा ओल्या हातांनी बाहेर येऊन पेन्सिल मागितली होती, तर आई म्हणाली, "अगं, तू घरचीच. पाहुण्यांचं होऊ दे आधी." पाहुण्यांचं होईपर्यंत पेन्सिल खणात गेली. मला त्याचं काही वाटलंही नव्हतं, हे आता जास्त लागतं. आणि आईची नजर गेल्यावर शेवटची नऊ वर्षं ती नावं मीच भरली. त्या नऊ वर्षांतलं तुझ्या नावाचं प्रत्येक वळण माझ्या सुईचं आहे. आपणच आपलं नाव भरावं, असं एकदाही मनात आलं नाही. ज्याला पेन्सिल दिली त्याने लिहायचं, असंच आपण वाढलो.

ओर्फाने पाहिलं. "अगं, ही तर माणसांची नावं! हे कापणार?" मी म्हटलं, "माझं कुठे दिसतंय का बघ." तिने चष्मा लावला, सगळं कापड सावकाश पाहिलं, दोनदा पाहिलं. मग तिची मोठी कात्री माझ्याकडे सरकवली.

विक्रीच्या दिवशी पोस्टमनच्या बायकोला त्याच्या नावाची चांदणी सापडली. ती तिथेच रडली, मला मिठी मारली. तेवढा वेळ मला वाटलं की हे मी चांगल्या मनाने केलं. तसं नव्हतं. बाबांची आणि आईची चांदणी कोण घेऊन गेलं ते मी मुद्दाम पाहिलं नाही. तुझी एक मात्र मिसेस टॉर्गर्सननी हौसेने घेतली. त्यांच्या मांजरीचं नाव मेव्हिस आहे.

हे सगळं मी तुला कळू दिलं नसतं. उंदरांनी खाल्ला म्हणून सांगणार होते. पण तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी चारदा वाचली. "तेवीसला आम्ही सातजण येतोय, ह्या वर्षी सुनेची आणि नातवंडांचीही सही घेऊ, जानेवारीत तू भरशीलच, तुझा हात अगदी आईसारखा आहे." म्हणून लिहिते आहे. या तुम्ही, घर जसं माझं तसं तुझंही आहे. चादरी बदललेल्या असतील, किल्ली शेजारी असेल. टर्की मात्र तुम्ही आणा, तुम्हीच भाजा, बटाटे तुम्हीच सोला आणि भांडीही तुम्हीच घासा. मी नाताळच्या दिवशी ओर्फाकडे जेवायला जाणार आहे. काय करून आणू, असं विचारलं तर ती म्हणाली, "काही नको. ये आणि बस." चाळीस वर्षांत मी नाताळचं जेवण एकदाही गरम खाल्लेलं नाही, मेव्हिस.

अजूनही तुझीच,
आर्लिस