अक्काचं औषध आणि कुंपणाकडची अंबाडी

मु. पो. आपलंच गाव, ता. श्रीगोंदा
१४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप जस्टिनदादा यांस,

धाकटा भाऊ बेंजामिन याचा मनापासून सलाम. पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. तुमची नवी कवळी नीट बसली का, आणि एंजेलावहिनींचा गुडघा वापीच्या दमट हवेत काय म्हणतो, ते सवडीनं कळवा. इकडे आम्ही सगळे प्रभूच्या कृपेनं बरे आहोत. माझी कंबर तेवढी धरली आहे, त्याचं कारण पुढे येईल. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर आपल्या घराच्या भिंती तुम्हाला माहीत आहेत आणि दीनाअक्काचे कानही माहीत आहेत. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. चार खाटांपलीकडे पेशंटनं कूस बदलली तरी तिला ऐकू यायचं. मी फोनवर 'हॅलो दादा' म्हणालो की स्वयंपाकघरातली फोडणी थांबते. म्हणून कागद.

जुलैत तुम्ही फोनवर अक्काला जे बोललात, ते मी पलीकडच्या खोलीत उभा राहून ऐकलं (तिचा फोन स्पीकरवर असतो, आणि भिंतींचं वर लिहिलंच आहे). आपल्या घरात तीन पिढ्यांत कोणी तंबाखूला शिवलं नाही आणि तू गांजाचं औषध खातेस, हे तुमचे शब्द. त्यानंतर तुमचा फोन नाही. तुम्हाला अर्धीच हकीकत कळली आहे. उरलेली अर्धी मी सांगतो, कारण ती डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार मी एकटाच आहे (आणि गल्लीतली पन्नास माणसं).

अक्काची केमो डिसेंबरात संपली हे तुम्हाला माहीत आहे. गाठ गेली, डॉक्टर खूश झाले, आपणही पेढे वाटले. पण तिच्या तळपायांची आग सुरू झाली ती थांबेना. केमोनं नसा दुखावतात म्हणे. ती कोणाला बोलली असती तर ती दीनाअक्का कसली! मला कळलं ते रविवारी देवळात. उपासना चालू असताना बघतो तर तिनं चपला बाकाखाली सारलेल्या, आणि अनवाणी पायांनी शहाबादी फरशीवर उभी. सगळे खाली बसले तरी ही उभीच. फरशी तापली की एक पाऊल बाजूला सरकायची. पाळकबाबांना वाटलं, बाईंच्या अंगात केवढी भक्ती आली आहे. घरी ती घमेल्यात पाय सोडून बसायची आणि मला सांगायची की टाचा मऊ होतात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिला दिवसभर गुंगी यायची, तोल जायचा, घशाखाली जेवण उतरायचं नाही. एकदा हातातला कप पडला तेव्हा तिनं तुकडे गोळा केले आणि म्हणाली, "बेन्या, आता दुसरं काहीतरी बघायला पाहिजे."

बघितलं तिनंच. मी फक्त सोबत गेलो. आधी तिनं आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ विचारलं की आयुर्वेदाचं काही घेऊन बघू का. ते म्हणाले की ते माझं शास्त्र नाही, पण रीतसर वैद्यांकडे जा, आणि जे घ्याल ते मला सांगून घ्या. मग आम्ही नगरला सावेडीत वैद्य दिशा म्हणून एक तरुण बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पाटीवर तसंच आहे, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतो.) मला वाटलं होतं तिथे धूर असेल, जटावाले बसलेले असतील. बघतो तर एक वजनकाटा, एक कॅलेंडर आणि पंख्याखाली चार म्हाताऱ्या. वैद्यबाईंनी अक्काला पाऊण तास प्रश्न विचारले. अक्कानंही त्यांना उलट तेवढेच विचारले. शेवटी त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला विजया देऊन बघू." मी म्हणालो, बघा ना, पण त्या कधी येतील? आम्हाला साडेचारची गाडी आहे. दादा, पंख्याखालच्या चारही म्हाताऱ्या माझ्याकडे वळल्या. अक्कानं माझ्याकडे न बघता सांगितलं की विजया हे भांगेचं शास्त्रातलं नाव आहे, आणि माझा भाऊ अठ्ठावीस वर्षं शिक्षक होता.

मग मला घाम फुटला. वैद्यबाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी मलाच समजावून सांगितलं की त्या झाडाच्या फुलांचे शेंडे म्हणजे गांजा, त्याला कायद्यानं बंदी. झाड घरी लावायलाही बंदी. पण पानांपासून परवाना असलेल्या कारखान्यात केलेलं आयुर्वेदिक औषध वैद्याच्या चिठ्ठीवर घेता येतं. "चिठ्ठी, बिल आणि बाटली एकत्र ठेवा. ठरलेले थेंबच घ्या. यानं रोग जात नाही मावशी, त्रास कमी झाला तर होईल. तोंड कोरडं पडेल. गरगरलं तर लगेच थांबायचं आणि मला फोन करायचा." अक्कानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं, तारीख-वार घालून. दोघी अशा बोलत होत्या की मला दोन सर्जनांच्या मध्ये बसलेल्या शिपायासारखं वाटलं.

परतीचा प्रवास मात्र माझ्या शत्रूवरही येऊ नये. माळीवाड्याच्या स्टँडवर गाडीत बसलो आणि माझ्या शेजारी कोण यावं? गणवेशातला पोलीस. फाईल मी छातीशी धरलेली. तो बिचारा म्हणाला, "काका, जरा सरकता का?" मी म्हणालो, "चिठ्ठी आहे." तो म्हणाला, "कसली?" मी म्हणालो, "बिलपण आहे." त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं आणि खिडकीची काच उघडून दिली. अक्का पलीकडे शेंगदाणे खात होती. तो उतरून गेल्यावर मी तिला हळूच म्हणालो की जस्टिनदादा विचारेल, आपल्या आईला काय वाटलं असतं. अक्कानं शेंगदाण्यांची पुडी दुमडली. म्हणाली, "आई गेली तेव्हा त्या वॉर्डात ड्यूटीवर मी होते. शेवटचे अकरा दिवस ती उशीची खोळ दातात धरून पडायची, तुम्हा पोरांना आवाज जाऊ नये म्हणून. तिला काय वाटलं असतं ते मला विचार." दादा, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. तुम्हालाही माहीत नसावं.

औषध सुरू केल्यावर चार दिवस काही झालं नाही. मी रोज तिला हसू येतंय का, भिंती हलताहेत का, असं विचारायचो. तिनं पाचव्या दिवशी सांगितलं की भिंती जागेवर आहेत, तू जरा हल. नवव्या दिवशी मी अंगणात होतो, तर अक्का चपला घालून बाहेर आली. चपला घालून! फाटकापर्यंत गेली, परत आली, आणि दीड भाकरी खाल्ली. पाय बरे झाले असं मी म्हणणार नाही, आग आहेच. पण पूर्वी ती भट्टीत पाय असल्यासारखी होती, आता उन्हात उभं राहिल्यासारखं वाटतं म्हणते. मी मागे जाऊन तोंड धुतलं. (डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.)

आता अंबाडी. मृगाचा पाऊस झाल्यावर अक्कानं मागच्या कुंपणाला अंबाडी टाकली होती. यंदा ती अशी माजली की ऑगस्टात छातीला लागली. तुम्ही वापीत राहून विसरला असाल, म्हणून सांगतो : अंबाडीचं पान पंजासारखं असतं, लांब बोटांचं, कडेला दाते. थोडक्यात, चित्रात गांजाचं पान दाखवतात ना, त्याची सख्खी बहीण.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी दहाला दारात पोलिसांची गाडी. एक तरुण साहेब, मुंबईकडचे, नुकतेच बदलून आलेले, आणि एक हवालदार, गोरक्ष नावाचे. घराच्या मागे गांजाची लागवड आहे अशी खबर मिळाली होती. साहेबांनी मोबाईलवर गांजाच्या पानाचा फोटो उघडला आणि अंबाडीच्या पानाशेजारी धरला. तंतोतंत! शेजारच्या साळूबाई कुंपणावरून ओरडल्या, "अवो सायेब, आंबाडी हाय ती! आमी आत्ताच खाल्ली, त्यांच्याकडूनच नेल्ती." साहेबांनी वहीत लिहिलं की शेजारीही सेवन करतात. साळूबाईंनी डोकं कुंपणाआड घेतलं. गोरक्ष हवालदारांना अंबाडी ओळखता येत होती, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, पण साहेबांना सांगणार कोण? मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. चौकट होती म्हणून मी होतो.

अक्का चपला घालून शांतपणे बाहेर आली. "साहेब, पान चावून बघा. आंबट लागलं तर अंबाडी."

"आणि नाही लागलं तर?"

"तर तुमचं खरं."

साहेब विचारात पडले. ड्यूटीवर असताना गांजाचं पान तोंडात घालायचं म्हणजे मोठी पंचाईत. त्यांनी हवालदारांकडे बघितलं. हवालदार दोन पावलं मागे सरले. "साहेब, माझी आठ वर्षं नोकरी ऱ्हायलीय."

गल्लीतली पन्नास माणसं एव्हाना कुंपणाला लागली होती. शेवटी साहेबांनी स्वतः पान तोडलं, रुमालानं पुसलं आणि चावलं. दादा, त्यांचा एक डोळा आधी मिटला, मग दुसरा, आणि मग ओठ नाकाला लागले. "आंबट," ते म्हणाले. गल्लीत असा हशा पिकला की कोंबड्या उडाल्या.

दुसरं कोणी असतं तर इथे हात जोडून दार लावलं असतं. मी तर कडीला हात घातलाही होता. पण अक्का म्हणाली, "थांबा. चुकीची तपासणी झाली, आता बरोबर करून जा." आणि आत जाऊन तिनं ती बाटली, चिठ्ठी, बिल आणि वही आणून साहेबांच्या हातात दिली! कोणी विचारलेलं नसताना! मी कडी सोडून उंबऱ्यावर बसलो. अक्का सांगत होती, "उद्या पुन्हा कोणी फोन करेल, तुम्ही पुन्हा याल. हे विजयाचं औषध आहे. हा परवाना क्रमांक, ही वैद्यांची सही, हे मी रोज किती थेंब घेतले त्याचं टिपण. काय चालतं आणि काय चालत नाही, ते मी विचारून घेतलंय. तुम्हीही वाचा, आणि बघितल्याचं लिहून ठेवा." वॉर्डातल्या नव्या पोरींना ती ज्या आवाजात सांगायची, तोच आवाज. साहेबांनी सगळं वाचलं. वहीची पानं जरा जास्तच वेळ उलटत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे... कोणालाही मिळतं का?"

अक्कानं त्यांच्याकडे बघितलं. "आई की वडील?"

"आई," ते म्हणाले. "तिलाही केमोनंतर."

मग अक्कानं त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि वैद्यबाईंचा पत्ता लिहून दिला. वर दम भरला, "बाटलीचा फोटो काढून परस्पर मागवायचं नाही. आईला घेऊन जायचं. माणूस बघून देतात." गोरक्ष हवालदारांनी तोवर पंचनामा लिहिला : 'सदर ठिकाणी अंबाडी नावाची भाजी उभ्या अवस्थेत मिळून आली.' साळूबाईंनी पंच म्हणून सही करायच्या आधी तो दोनदा वाचून घेतला आणि सेवनाचं वाक्य खोडायला लावलं. जाताना साहेबांच्या हातात अंबाडीची जुडी होती. ती कण्या घालून करायची हे हवालदार त्यांना गाडीत बसेपर्यंत समजावत होते.

दादा, मी आयुष्यभर शाळेत धैर्यावर निबंध लिहून घेतले. धैर्य कसं दिसतं ते त्या सकाळी बघितलं. पंचाहत्तर किलोच्या, पांढऱ्या साडीतल्या, पाय भाजत असलेल्या आपल्या बहिणीसारखं दिसतं. तुम्ही तिच्यावर रागावू नका, एवढंच सांगायला हे पत्र. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा,
बेंजामिन

ता. क. : एवढंच सांगायला, असं वर लिहिलं खरं, पण एक बारीकसं काम आहे. पोलिसांना खबर कशी गेली, ते मला माहीत आहे. बाटली घरात आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. म्हणून माझा वर्गमित्र सूर्यभान, जो आता पोलिसातून निवृत्त आहे, त्याला मी सहज विचारलं की समजा एखाद्या बाईच्या घरी गांजाचं औषध असलं तर काय होतं. कोण बाई, असं त्यानं विचारलं. मी नाव सांगितलं नाही. फक्त नर्स होती एवढंच म्हणालो. (गावात नर्स एकच आहे हे घरी आल्यावर लक्षात आलं.) तो आपल्या कुंपणाजवळून गेला, त्याला पंजासारखी पानं दिसली. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. पुढचं तुम्हाला कळलंच. आता अक्का रोज एकेकाला उभं करून विचारते आहे, जशी वॉर्डात थर्मामीटर हरवल्यावर विचारायची. मी शिक्षा म्हणून आपणहून पन्हाळ बसवली, परसात शेणखत टाकलं, स्वयंपाकघराला चुना दिला. कंबर गेली ती त्यातच. तर दादा, पोलिसांना तो फोन तुम्ही केला होता असं तिला सांगाल का? तुमच्यावर ती तशीही चिडलेली आहे, आणि तुम्ही वापीला आहात. मी इथे आहे.

ता. क. २ : जस्टिन, बेन्याला डिंक सापडेना म्हणून पाकीट उघडंच टेबलावर ठेवून तो आणायला गेलाय. तू काहीही कबूल करू नकोस. सूर्यभान दुसऱ्याच दिवशी केळी घेऊन माफी मागायला आला होता, तेव्हाच मला सगळं कळलं. तू बोललास त्याचं वाईट वाटलं, पण तुझा फोन येत नाही त्याचं जास्त वाटतं. फोन कर. मात्र शनिवारपर्यंत बेन्याला काही बोलू नकोस, कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर अजून राहिलंय. — दीना