हौदातल्या माशांचं पारणं

सगळ्यात आधी आली ती आमची शेजारीण चंदनबाला, तिच्या मागं सांगलीहून तिची नणंद गुणमालाबाई, गुणमालाबाईंच्या मागं दोन छकड्यांतून उतरलेल्या दहा-बारा जैन बायका, आणि सगळ्यांच्या मागं मुरमाची गाडी घेऊन आकाराम. आणि आक्का, त्याच वेळी माझ्या चुलीवर मटण रटरटत होतं. धुळवडच होती ती. पण थांब. हे असं मधनंच सुरू केलं तर तू म्हणशील, राही अजून तशीच हाय, उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी बोलायला लागणारी. म्हणून आधी रीतीनं लिहिते.

तीर्थरूप बनुआक्का, मुक्काम मेढा, हिच्या पायांवर धाकट्या राहीचं डोकं. इकडं वाळव्याला आम्ही सगळी खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला बांधतेस, का नुसता उशाशी ठेवून त्याच्याकडं बघतेस? दाजींच्या खोकल्याला अडुळसा द्यावा. दाजींना हे पत्र वाचून दाखवशील तेव्हा मटणाचा भाग गाळ, त्यांना वैद्यानं बंदी केली आहे ना. माझ्या नातीला, म्हणजे आमच्या हंबीररावच्या मनूला, खाली दोन दात आलेत. रांगते, आणि रांगता रांगता ज्याचा पाय सापडेल त्याला चावते. मला तर लय आवडतं. (अक्षर माझंच आहे. हंबीरराव ब्रह्मदेशात लढाईवर होता तेव्हा त्याची पत्रं मास्तरांकडून वाचून घ्यावी लागायची, आणि आमच्या घरचं सगळं मास्तरांकडून गावाला आधी कळायचं. म्हणून सूनबाईकडून शिकले. जोडाक्षर आलं की अजून घाम फुटतो.)

तर मासे. परसातला दगडी हौद तुला ठाऊक आहे, म्हशी पाणी पितात तो. मागच्या पावसाळ्यात मोटेच्या पाण्याबरोबर त्यात बोटाएवढी पिल्लं आली, आता वीत वीत झालीत. त्यात एक मिशाळ आहे, त्याला हंबीरराव सुभेदार म्हणतो, कारण तो हाकेला कधी पहिला येत नाही. दसऱ्यापर्यंत मी काठावर बसून भाकरी कुस्करली की पाण्याला उकळी फुटल्यागत व्हायचं. मग मार्गशीर्ष लागला, थंडी पडली आणि ह्यांनी तोंड फिरवलं. तळाला गेले ते गेलेच. दगडाला टेकून बसायचे, कल्ले तेवढे हलायचे. आता आपल्या आईनं आपल्याला काय शिकवलं? घरातलं कुणी न जेवता निजलं तर आधी विचारायचं, मग आग्रह करायचा, मग रागवायचं. मी तिन्ही केलं. भाकरी घातली. भाकरी नको तर पेंड घातली (म्हशीच्या वाट्याची, म्हैस अजून माझ्याकडं सरळ बघत नाही). भोगीची बाजरीची भाकरी लोणी लावून घातली. संक्रांतीला तिळगूळ टाकला आणि गोड बोला म्हणाले. सूनबाई म्हणाली, ‘आत्याबाई, ज्वारी रेशनवर मिळतीया आन् तुमी माशांची मनधरणी करताय.’ पण उपाशी जीव डोळ्यांसमोर असताना मला घास जातो व्हय?

खाल्लं कुणीच नाही, त्यामुळं सगळं तळाला कुजलं. पाणी हिरवं झालं, वर तवंग आला, वास तर असा की म्हैस पाण्याला जाऊन तशीच परत यायची. आणि डास झाले. हंबीरराव तिकडं गोळीला चुकला, पण हिवतापानं त्याला पार वाळवून सोडलं. अजून त्याच्या पेटीत कोयनेलच्या गोळ्या आहेत. तो म्हणाला, ‘आई, तिकडं आमी जपान्यापेक्षा डासाला जास्त भ्यालो. घरात रांगतं पोर हाय. शिमगा झाला की हौद बुजवणार.’ आकारामला मुरूम आणायला सांगूनसुद्धा टाकलं. मी म्हटलं, अरे, डासांच्या अळ्या मासेच खातात, मी भादव्यात बघितलंय. तो म्हणाला, ‘खात्यात कुटं? तुझी पलटण तर बराकीत झोपलीया.’ त्याचंही खोटं नव्हतं, आक्का. मनूच्या गालावर लाल टिपका दिसला की मीही तिला उचलून घरात पळायचे. पण म्हणून जितेजागते मासे मुरमाखाली घालायचे? मी मनाशी ठरवलं, पोरही राखायचं आणि मासेही. कसं, ते ठरलं नव्हतं.

तेव्हा चंदनबाला आली. आदगोंडा पाटलांची ती, भिंतीला भिंत लागून घर. हौदात डोकावली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, ‘राहीवयनी, उपासाला बसलेल्यास्नी आग्रह करतात व्हय? आमच्यात असल्या माणसाम्होरं ताट नेणंसुद्धा पाप.’ मी म्हटलं, मासा उपास करतो कशावरून? ती म्हणाली, करत न्हाई कशावरून? खरं सांगू, मला ते पटलं नव्हतं, पण आग्रह थांबवायला सबब मिळाली. माणसाला कधी कधी तेवढीच हवी असते. मी चाळणीनं सगळी घाण काढली, अर्धं पाणी भाजीच्या वाफ्यांना सोडलं, विहिरीचं ताजं भरलं, आणि हात आवरून बसले. चार दिवसांत वास गेला. म्हैस पाणी प्यायली, पण माझ्याकडं न बघता.

शिवरात्र झाली, थंडी गेली, आंब्याला मोहोर आला. एकदा भर दुपारी मनूला घेऊन काठावर बसले होते, तर तळातून मिशा हलल्या. सुभेदार वर आला, ओठ उघडला, मिटला, परत गेला. मला एवढा आनंद झाला की मनूला तिथंच सूनबाईच्या मांडीवर टाकून भिंतीवरून चंदनबालाला हाक मारली. तिनं सांगितलं, आत्ता काही घालू नका. फाल्गुनात आमचं आठ दिवसांचं व्रत असतं, ते पुनवेला संपतं, दुसऱ्या दिवशी माशांचंही पारणं रीतीनं सोडवू. आणि रीत म्हणजे एकदम पोटभर नव्हे. आधी मुगाचं पाणी, मग थोडे शिजले मूग, मग हळूहळू वाढवायचं. (मी चोरून चिमूट चिमूट घालत होतेच, तेही दुपारीच. सकाळी गार पाण्यात ते ढुंकूनही बघत नसत. घास घ्यायचे, थुंकायचे, परत घ्यायचे, दात येणाऱ्या पोरागत. जास्त घातलं तर उरायचं, म्हणजे चंदनबालाचंच बरोबर. पण हे तिला कळवू नकोस.) तिनं ते सांगलीला नणंदेला कळवलं, नणंदेनं बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, सांगितलं, आणि मार्गशीर्षापासून उपास धरलेले मासे बघायला सांगलीच्या बायका निघाल्या. चंदनबाला मला म्हणाली होती, दोघी-तिघी येतील. मी धरून चालले, ऊन उतरल्यावर. पण पारणं सकाळी सोडायचं असतं, हे ती तरी कशाला सांगेल, तिच्या लेखी ते सगळ्या जगाला ठाऊक.

आता तू तो देखावा डोळ्यांसमोर आण. अंगणात आठ दिवसांच्या उपासाच्या बायका, आत धुळवडीचं मटण, मसाला नुकता पडलेला. चंदनबाला तीस वर्षांची शेजारीण, तिला धुळवड काय ती कळते. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि सगळ्यांना अंगणाच्या पार टोकाला नेऊन आमच्या तुळशीचं कौतुक सांगत बसली. (तुळस वाळलेली आहे.) मी मागच्या दारानं बोळात गेले. आकाराम गाडी परसात वळवत होता. मी म्हटलं, गाडी इथंच रिकामी कर. कुठं करू, म्हणाला. आमच्या दारापुढं तो खड्डा नाही का, साऱ्या बोळाचं सांडपाणी साठतं तो, त्यात. तो म्हणाला, ‘आवं, हवालदारांनी हौदात टाकायला सांगितलंय.’ मी म्हटलं, हवालदाराला मी जन्म दिलाय, तू खड्ड्यात टाक. टाकला. मग त्याच गाडीत मटणाचं पातेलं, त्याच्यावर ओलं पोतं, आणि रस्सा हिंदकळू नये म्हणून पातेल्याला मिठी मारून सूनबाई, अशी गाडी मळ्याकडं काढून दिली. हंबीरराव दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर आला. त्याचा मुरूम खड्ड्यात, त्याचं मटण गाडीत, आणि त्याची बायको मटणाला धरून गावाबाहेर चाललेली. फौजेत ह्याच्यावर काय हुकूम असतो ते त्याला आठवेना, म्हणून तो तसाच उभा राहिला. मी त्याच्या हातात ऊद आणि निखारे दिले आणि म्हटलं, घरभर फिरव.

हौदावर गेलो तर सकाळची वेळ, पाणी गार, मासे तळाला. गुणमालाबाई पासष्टीच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, आठ दिवस नुसत्या पाण्यावर. काठावर बसल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, ‘ह्यांचं पारणं झालं की मग माझं.’ मासे दुपारशिवाय वर यायचे नाहीत हे मला ठाऊक, आणि तोवर ही माउली माझ्या परसात उपाशी. कुणी मला हौद राखायला अजून चार लढाया दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण पाहुणी उपाशी बसलेली मला सोसत नाही. मग विचार केला, उन्हानं होतं काय? पाणी कोमट होतं. ते तर माझ्या चुलवणावरही होतं. हंबीररावच्या अंघोळीचा हंडा तापलेलाच होता. मी हुकूम सोडला. तो तसाच, अर्ध्या गालाचा साबण वाळलेला, घागरी भरभरून आणू लागला, आणि मी मनूच्या अंघोळीचं बघते तसं कोपर घालून बघत एका कोपऱ्यात हळूहळू सोडत गेले. (कढत ओतलं असतं तर चंदनबालानं मला ह्या जन्मी आणि पुढच्याही जन्मी तोंड दाखवलं नसतं.) बायकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उपासाला उकळून निवलेलंच पाणी लागतं त्यांच्यात. एक तर म्हणाली, किती रीतीनं करतात मराठ्यांच्या घरी.

आणि सुभेदार वर आला. आधी मिशा, मग डोकं, त्या कोमट कोपऱ्यात येऊन उभाच राहिला. गुणमालाबाईंनी पळीनं मुगाचं पाणी सोडलं. त्यानं त्याला तोंडसुद्धा लावलं नाही. वळला, कडेच्या शेवाळात डासाच्या अळ्या वळवळत होत्या तिथं मान खाली घातली, आणि एक घास, दुसरा घास, जागा साफ. माझ्या हातातली घागर थांबली. चंदनबालानं बघितलं का, ते मला आजवर कळलेलं नाही. तिनं त्याच क्षणी डोळे मिटून णमोकार मंत्र सुरू केला होता. पण गुणमालाबाईंना मोतीबिंदूमुळं एवढंच दिसलं की माशानं आधी मान लववली. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. आणि गुडघ्यांवर बसून घागर धरलेल्या हंबीररावला दिसलं ते वेगळंच. त्यानं मान वर केली आणि हळूच म्हणाला, ‘आई, सुभेदार ड्यूटीवर हजर हाय.’ मागोमाग बाकीचे आले, शिजले मूग एक एक करून उचलले, कुणी हावरेपणा केला नाही. गुणमालाबाईंनी त्यांच्या देखत चार पळ्या मुगाचं कढण घेतलं, आणि मग मी पोटभर हुंदके दिले. मला अगदी बरं वाटलं.

हौद राहिला, आक्का. हंबीरराव आता रोज दुपारी तिथं जाऊन अळ्या मोजायचं सोंग करतो. दारातला खड्डा बुजल्यापासून डासही कमी झालेत, त्याचं श्रेय तो मुरमाला देतो, मी माशांना देते, आणि मनूच्या गालावर टिपका नाही. मी अजून चिमटीनंच घालते. ऊन वाढेल तशी मूठ वाढवीन. ह्यापरतं लिहिण्यासारखं काही नाही, फक्त तुझी आठवण येते.

तुझी राही

ता. क. मळ्यावरून पातेलं रिकामंच आलं. आकारामनं आणि उसाच्या गड्यांनी, वास सुटला म्हणून नाइलाजानं संपवलं म्हणे. त्यामुळं हंबीररावनं धुळवडीला मुगाचं कढण प्यायलं. भाकरी मोडताना आवाज जास्त येत होता.

आणखी एक, आणि हे दाजींना वाचून दाखवू नकोस. जाताना गुणमालाबाईंनी विचारलं, भादव्यात आमचा दहा दिवसांचा उपास असतो, तेव्हाही मासे उपास धरतील ना? मी आनंदाच्या भरात म्हणून बसले, धरतील तर, ते काय सांगायला पाहिजे. आता तुला ठाऊक आहे, भादव्यात मासा एवढा खातो की म्हशीनं तोंड घातलं तर तिच्या मिशा राहत नाहीत. उपास बिनउपास, दहा पावलांवर माझी सावली दिसली तरी पाणी उकळतं. तेव्हा तू ये. तुझ्या आग्रहाचं जेवून थोरले जावई दोन दिवस घोंगडीवरून उठले नव्हते, ते मी विसरले नाही. तू आदल्या संध्याकाळी काठावर बसून माशांना असं वाढ की सकाळी अन्न बघून त्यांनी तोंड फिरवलं पाहिजे. पाणी बिघडेल, ते मी रातोरात बदलेन. तळाला बसून कल्ले हलवले म्हणजे झालं, मला तोंडानं खोटं बोलावं लागणार नाही.

गुडघ्याची सबब चालणार नाही, हंबीररावला मोटार ठरवून पाठवते. तुझ्या घरी गणपती असतील तर त्यांना बसवून, नैवेद्य दाखवून लगेच नीघ, कारण गुणमालाबाई चार छकडे घेऊन उपास धरतानाच येणार आहेत, दुसऱ्याच दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, सकाळी.