डाव्या पात्याची धार

आई, रिंक पुन्हा बंद झाली. गेल्या हिवाळ्यात झाली होती तशीच. तुला साथीबद्दल सांगायला बसलो तर कागद पुरायचे नाहीत आणि मला आता त्याचा कंटाळाही आलाय. एवढंच समज की एक आजार आला, लोक घरात बसले आणि द हेगमधल्या आपल्या बर्फावर माणसं यायची थांबली. मी अजून तिथेच असतो, तुझ्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत, स्केटिंगच्या बुटांच्या पात्यांना धार लावायच्या मशीनपाशी. लोक येत नसले तरी पंप आणि पाइप बघायला कुणीतरी लागतंच. कॉलेज सोडलं मी, दुसऱ्या वर्षात, मधेच. बाबांना सांगितलं की स्क्रीनवर शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. एका सरांशी त्या स्क्रीनवरच भांडून मी लॅपटॉप आपटून मिटला, हेही खरं आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मी तास बुडवत होतो, कारण रिंकच्या कँटीनमध्ये जी मुलगी कामाला होती तिच्या वेळा बघून मी माझ्या पाळ्या लावून घ्यायचो. पैलवानाची मुलगी. तू गेलीस तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, तुझ्याकडे वेणी घालून घ्यायला यायची. बाबा आता आर्नहेमला राहतात, नोकरीच्या गावी. फोनवर 'जेवलास का' विचारतात आणि मी उत्तर देईपर्यंत त्यांची पुढची मीटिंग सुरू झालेली असते.

पैलवान हे नाव तू ठेवलंस. आमच्या रिंकच्या आइस हॉकी संघातला तो स्लोव्हाक, दाराएवढे खांदे, पुढचे चार दात खेळातली चकती लागून गेलेले. तू नुकती या कामाला लागली होतीस. सुपरमार्केटच्या फळ्यावरची चिठ्ठी बघून गेलीस आणि पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणालीस, "काही नाही रे, विळीच आहे, बुटाला लावलेली." पण विळीला एक धार असते आणि या पात्याला दोन. मधे बारीक पन्हळ, दोन्ही बाजूंना दोन कडा, आणि त्या अगदी सारख्या उंचीच्या लागतात. तू पात्यावर आडवं नाणं ठेवून डोळा बारीक करून बघायचीस, ते कुठे कलतंय का. पुण्याहून आणलेली बी.कॉम.ची पदवी कपाटात आणि तू इथे नाणं धरून. महिन्याभरात पैलवान दुसऱ्या कुणाच्या हातात बूट देईनासा झाला. प्रत्येकाच्या बुटाला तू मराठीत चिठ्ठी बांधायचीस. त्याच्या चिठ्ठीवर 'पैलवान, डावा जरा खोल' असं होतं. ती त्याने कधी काढली नाही.

तू धार लावायचीस आणि तो बाकावर बसून मोडक्या डचमध्ये बोलायचा. मी गृहपाठ करतोय असं दाखवत ऐकायचो. त्याच्या गावात कारखाना होता. बाप तिथे कामाला. थंडी पडली की बाप शाळेच्या अंगणात पाणी सोडायचा आणि सकाळी पोरांना खेळायला बर्फ तयार. अठराव्या वर्षी तो गावच्या संघात आला. राष्ट्रीय संघात एकदाच बोलावलं, एका सरावाच्या सामन्याला, तेव्हा पूर्ण वेळ बाकावर बसला. त्यानंतर पोलंड, मग जर्मनीतली लहान गावं, फ्रान्समध्ये एक वर्ष, मग आपल्याकडे. दरवेळी एका हिवाळ्याचा करार. बायको फ्रान्समधूनच परत गेली, मुलगी त्याच्यापाशी राहिली. तू विचारलंस, "एवढं फिरलात, आता शेवट कुठे?" तो म्हणाला, "बाईसाहेब, जिथे सुरू केलं तिथे. त्यांनी बोलावलं तर." मग तू दोघांना जेवायला बोलावलंस. त्याने टेबलावर बसून नकली दात काढले आणि खिशात ठेवले. बाबांचा घास तोंडातच राहिला. तू थालीपीठ त्याच्या ताटात वाढत म्हणालीस, "लोणी जास्त घाला, चावायला नको," आणि तो हसला तेव्हा त्याच्या तोंडात पुढे नुसती खिडकी.

तुझी बोलणी मी एकदाच खाल्ली, म्हणजे खरी बोलणी. चौदा वर्षांचा होतो. शाळेत कुणाशी तरी मारामारी करून आलो होतो आणि तू सांगितलेलं काम रागारागात उरकलं. लहान मुलाचे बूट होते. तू नाणं ठेवलंस, ते कललं. तू ओरडली नाहीस. त्याच मापाचे माझे जुने बूट होते, त्यांना मुद्दाम तशीच वाकडी धार लावलीस आणि म्हणालीस, "घाल. जा, वळून दाखव." मी पहिल्याच वळणावर तोंडावर आपटलो. ओठ फुटला. तू बर्फाच्या काठावर उभी होतीस, हात पुढे केला नाहीस. "राग आला तर बाहेर जाऊन भिंतीला लाथा मार," म्हणालीस, "पात्याला हात लावायचा नाही."

गेल्या वर्षी जानेवारीत पैलवानाला त्याच्या गावच्या संघाचा फोन आला. त्यांचे निम्मे खेळाडू आजारी पडले होते. येऊन तीन दिवस सराव कर, पाय चालले तर मोसम संपेपर्यंत ठेवून घेऊ. एकोणचाळीस वर्षांचा माणूस. आमची रिंक बंद, महिनाभर बर्फावर उभा नाही. तो मास्क लावून माझ्या खोलीच्या दारात आला आणि बूट पुढे करत म्हणाला, "उद्या सकाळी निघतो. आता थेट तिथेच पाय ठेवायचा. तूच लाव."

मी म्हटलं, "मुलगी?"

"तीही येते. इथे काय आहे तिला?"

तिला मी कँटीनच्या मागे गाठलं. ती कॉफीचे मग धुऊन खोक्यात भरत होती. म्हटलं, "मला सांगणार होतीस की नाही?" ती म्हणाली, "आत्ता सांगते ना." "आणि मी?" तिने माझ्याकडे खरंच न कळल्यासारखं पाहिलं. "तू काय?" आमच्यात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोन महिने ती माझ्या सायकलच्या मागे बसून घरी जायची, थंडीत माझ्या जॅकेटच्या खिशात हात घालायची. तेवढ्यावर मी सगळं उभं केलं होतं.

मी खोलीत आलो आणि मशीन लावलं. उजवं पातं नीट केलं. डावं पकडीत घातलं आणि पकडीचा स्क्रू पाव फेरा फिरवला. पाव फेरा, आई, तुला कळेल. दुपारचे तीन वाजले होते. डोक्यात एवढंच की पाय चालले नाहीत तर करार नाही, करार नाही तर ती परत येईल. तो आला. "नाणं ठेवून बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं." त्याने मान हलवली आणि बूट पिशवीत टाकले. त्याने स्वतः पाहिलं नाही. तुझ्या खोलीतून आलेले बूट तो कधीच तपासत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला फोन केला. ते जर्मनीत कुठल्याशा पेट्रोल पंपावर थांबले होते.

"बाबा कॉफी आणायला गेलाय. पटकन बोल."

"डावं पातं. एक कड उंच आहे. वळताना पाय सटकेल."

"चुकून?"

मागून ट्रक जात होते.

"चुकून का, विचारतेय."

"नाही."

"तो एकदा नीट पडला तर संपेल, माहीत आहे ना तुला?" तिचा आवाज चढला नाही. "तुझी आई गेली तेव्हा तो रडला होता. मी पहिल्यांदाच त्याला रडताना पाहिलं." मग म्हणाली, "तिथल्या माणसाकडून धार परत लावून घेते. त्याला सांगणार नाही. तू आता फोन करू नकोस."

"आज?"

"कधीच."

तिने दोन्ही शब्द पाळले, धारेचा आणि त्याला न सांगण्याचा. पैलवान मोसमभर खेळला. मी एकटा बसून लॅपटॉपवर बघायचो. रिकाम्या खुर्च्या, चकती फळीवर आपटल्याचा आवाज, आणि तो डावीकडे वळला की माझी बोटं टेबलाची कड धरायची. शेवटच्या सामन्यानंतर त्याने खेळाचा निरोप घेत काठी मधल्या रेषेवर ठेवली. टाळ्या वाजवायला फक्त संघ होता. नंतर त्याने व्हिडिओ कॉल केला, दात न घालता. म्हणाला, "पहिल्या दिवशी बर्फावर उतरलो ना, वाटलं तुझ्या आईनेच धार लावलीय." मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याच्या मागे दार होतं, त्यातून कुणीतरी गेलं आणि आलं, आणि मी फोन ठेवेपर्यंत त्या दाराकडेच बघत राहिलो.

हे तुला पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की निदान एक गोष्ट तुला बरी वाटेल, पोराने शेवटी खरं सांगितलं. वर्षभर मीही तेच धरून आहे. पण तसं नव्हतं ते. त्या दुपारी मी तिला चार वेळा फोन लावला होता, आणि तोंडात वेगळंच होतं, गाडीतून उतर, जाऊ नकोस, मी येतो न्यायला. तिने फोन उचलला आणि इतक्या थकलेल्या आवाजात 'पटकन बोल' म्हणाली की त्यातलं काहीच बोलवेना. मग मी पात्याचं सांगितलं. मला वाटलं, हे ऐकून तरी ते गाडी माघारी फिरवतील.