डाव्या पंखातली कुरकुर

ता. ६ नोव्हेंबर

चि. कप्तान,
अनेक आशीर्वाद.

‘चि.’ लिहिताना हात जरा अडखळला, पण सवय मोडवत नाही. तू बरा असशील. वेळेवर जेवतोस ना? शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, पत्रात आधी समोरच्याची चौकशी करावी, आपलं रडगाणं शेवटी.

इकडे ठीक. सूनबाई पुन्हा तिच्या दातांच्या दवाखान्यात जाऊ लागली. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते आणि घरी आली की स्वतःचं मिटून बसते. मी तसं म्हटलंही तिला. हसली नाही, पण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. तुझं नाव निघालं की मात्र उठून जाते.

काल जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या पुसल्या. लेक गेल्यापासून तशाच होत्या. हवाई कसरतींच्या आधी तुम्ही चौघं त्या विमानांसारख्या मांडायचात. तुझी पुढे, दोन मागे दोन्ही अंगांना, एक शेवटी. डोळे मिटून बसायचात. तू संथ आवाजात “वर... अजून... आता उलटे” म्हणायचास आणि चारी धटिंगण एकदम एका बाजूला कलायचे. आमचा तीन नंबरवाला हातात माझा लाकडी चमचा धरायचा. एकदा मी विचारलं, “विमानात तरी डोळे उघडे ठेवतोस ना रे?”

“ठेवतो. पण जमीन बघत नाही. जमीन कप्तान बघतो, मी कप्तानला बघतो.”

“आणि कप्तानचं लक्ष नसलं तर?”

“आई, कप्तानबद्दल असं बोलायचं नाही.”

परवा तुमच्या ऑफिसातले एक साहेब येऊन गेले. फार सभ्य. चहा घेतला, कप स्वतः आत नेऊन ठेवला. म्हणाले, विमान जुनं असलं तरी तपासलेलं होतं, तुमच्या मुलाचाच अंदाज चुकला असावा. मी मान हलवली. ते गेल्यावर तो कप किती तरी वेळ धूत राहिले.

कप्तान, पुढचं लिहायचं नव्हतं. खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

त्या शेवटच्या रविवारी जेवताना तो तुला म्हणाला होता, “उलटं झालं की म्हातारीच्या डाव्या पंखात कुरकुर होते. परत सांगतोय.” त्या विमानाला तुम्ही म्हातारीच म्हणायचात, तुम्हा सगळ्यांच्या जन्माआधीची ती. तू म्हणालास, “आईंचे गुडघे नाही कुरकुरत? चालतातच ना त्या.” सगळे हसले. सगळ्यात जास्त मी. तुला वाढायला मुद्दाम गुडघा धरून लंगडत आले. तोही हसला आणि मग त्याने तो विषय काढला नाही.

पुढच्या कार्यक्रमात तो उलटा झाला आणि सरळ झालाच नाही.

सूनबाई त्या रविवारी माहेरी होती. तिला हे अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी चौकशी समितीपुढे तुझी साक्ष आहे. उन्हाळ्यात पुन्हा त्याच विमानांवर कार्यक्रम आहेत, तीन नंबरला नवा मुलगा घेतलाय, असं साहेबच म्हणाले. त्यालाही आई असेल.

तुला दोष देत नाही, असं लिहिणार होते. थोडा देते. माझ्या हसण्यालाही देते. पण त्याने सांगितलं होतं, एवढं तरी समितीपुढे यायला हवं. मला कोण विचारणार? मुलगा गेलेली बाई, काहीही बोलते म्हणतील. बाकीचे दोघे तू बोललास तर बोलतील. तेही तुलाच बघून उडतात.

नाही बोललास तर पुन्हा मला आई म्हणू नकोस, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. तेवढं माझ्याच्याने व्हायचं नाही.

बोलून झालं की घरी ये. त्याला नेलं त्या दिवशी उभा राहिलास तसा फाटकाबाहेर राहू नकोस. बेल वाजव. दार उघडायला मला वेळ लागतो, का ते तुला ठाऊक आहे. निघून जाऊ नकोस.

तुझी,
आई