पडद्यावरचा ढिला दोर

प्रिय कमल,

गेलेल्या माणसाशी बोलत बसणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. तुलाही आवडत नव्हत्या. पण काल तुझ्या पोरीपायी, शोभापायी एक सिनेमा मला दुसऱ्यांदा पाहावा लागला, आणि त्याला मनसोक्त शिव्या घालायला तुझ्याशिवाय मला आहे कोण?

काय तो सिनेमा! हिरो पांढऱ्या स्वेटरवर हिमालय चढतो. हातमोजे नाहीत, पाठीवर पिशवी नाही, केसांचा कोंबडा मात्र जागच्या जागी. कड्यात खिळा ठोकतो तो दोन टिचक्यांत, घरात कॅलेंडर टांगावं तसा. आणि बर्फ? पिंजाऱ्याच्या दुकानातला कापूस! एवढ्या गारठ्यात एकाच्याही तोंडातून वाफ निघत नाही.

सगळ्यात संताप आला तो दोराचा. हिरो एका हातावर लोंबकळतोय, त्याच्या पायाला व्हिलन लोंबकळतोय, आणि त्यांच्या डोक्यावरचा दोर ढिला! वाळत घातलेल्या धोतरासारखा हलतोय. दोन धटिंगणांचं वजन गेलं कुठे, कमल? मग हिरोचा मित्र त्याला वाचवण्यासाठी स्वतःचा दोर सुरीने कापतो, कापता कापता भाषण ठोकतो, आणि बाल्कनीतल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. मी मोठ्यानेच म्हटलं, "आधी गाठ तर दाखव मेल्या! कंबरेला काही बांधलेलंच नाही तुझ्या!"

मागून एक जण ओरडला, "ओ बाई, चूप बसा नं! काहून पिक्चरचा सत्यानाश करून राहिल्या?"

तू असतीस तर आपल्या दोघींना बाहेर काढलं असतं. कॉलेजात असताना काढलं होतंच की!

पण नुसतं हसून सोडून द्यावं असं ते राहिलेलं नाही. हाच सिनेमा शोभाने महिन्यापूर्वी मैत्रिणींबरोबर पाहिला आणि पुढच्याच रविवारी कपडे वाळवायची नायलॉनची दोरी घेऊन ती कळमेश्वर रस्त्यावरच्या जुन्या खाणीत गेली. आपल्या खाणीत! नागपुराजवळ कडा म्हणावा असा तेवढाच, म्हणून. वरच्या कडुनिंबाला दोरी बांधली आणि उघड्या हातांनी सर्रकन घसरत खाली आली. दोन्ही तळव्यांची सालं निघाली.

"हिरो तर असाच येते नं, मावशी. त्याले काहून काही होत नाही?"

"कारण तो कड्यावर नसतोच. त्याच्या खाली गादी असते."

तिचं तोंड पडलं. मला मात्र राग आला तो तुझा. आपण दोघींनी त्या खाणीत किती रविवार घालवले, मग हिमालयातला तो गिर्यारोहणाचा कोर्स केला, आणि तू सासरी काय सांगितलंस? कॉलेजची सहल! लोक काय म्हणतील याची भीती मी समजू शकते, कमल. पण पोटच्या पोरीलाही सांगू नये? तू गप्प बसलीस, म्हणून तिला डोंगर शिकवायला तो स्वेटरवाला आला.

आता शोभाची कॉलेजातून त्याच कोर्ससाठी निवड झाली आहे, आणि पालकांच्या संमतीच्या कागदावर सही करायला वसंतराव तयार नाहीत.

"नलूताई, तिकडे माणसं दोर कापतात. माही एकच पोरगी आहे."

बँकेत एकेक कागद दोनदा तपासणारा तुझा नवरा, आणि सिनेमा खरा धरून बसला! म्हणून काल दोघांना मॅटिनीला घेऊन गेले. सबंध वेळ मी वसंतरावांच्या कानाशी बोलत होते. शेवटी इंटरव्हलनंतर त्यांचं त्यांनाच दिसलं, "दोर तर ढिलाच आहे, नलूताई!"

"दिसलं ना?"

"दिसलं. पण खरोखर पडली तर?"

हा प्रश्न मात्र त्या सिनेमापेक्षा शहाणा होता. म्हणून आज सकाळी आम्ही चढाईचा चांगला जाड दोर घेऊन खाणीत गेलो. तळवे आता भरून आलेत तिचे. तिच्या कंबरेला मी गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली, वर जाऊन स्वतःला कडुनिंबाला बांधलं आणि दोर पाठीमागून फिरवून दोन्ही हातांत धरून बसले. शोभा लगेच चढायला लागली.

"खाली उतर!" मी ओरडले. "आधी विचारायचं, धरलं? वरून उत्तर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही."

अर्ध्यावर तिचा पाय सटकला. वीतभर खाली आली आणि तिथेच राहिली. दोर ताठ. ना संगीत, ना किंकाळी. खाली वसंतरावांनी डोळे मिटून घेतले होते.

"पडली का वं?"

"पडली नं, बाबा! झालं पडून!"

"एवढंच?"

"एवढंच," मी वरून म्हटलं.

खरं सांगते, त्यांची जरा निराशाच झाली. मग शोभाला मी दोराने खाली सोडलं, आणि ते बाजूच्या वाटेने धापा टाकत वर येऊन कडुनिंबाची गाठ निरखत बसले.

"ही गाठ मला कमलने शिकवली," मी सांगून टाकलं.

"आमची कमल? इथं चढे?"

"चढायची. मी धरायची."

त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मले धरून पाहू द्या."

मी त्यांना झाडाला बांधलं, दोर पाठीमागून दिला, हात कुठे ठेवायचे ते दाखवलं, आणि दोराचं शेपूट स्वतःच्या मुठीत घेऊन मागे बसले. खालून शोभाने विचारलं, "बाबा, धरलं?"

त्यांना बोलता येईना. दोर मुठीत असा आवळलेला, की बोटं पांढरी पडली होती. आणि तुझी पोरगी, कमल, तिने पाय उचलला नाही. थांबून राहिली.

"धरलं, पोरी," ते शेवटी म्हणाले. "ये."

सही त्यांनी खाणीतच केली, माझ्या पाठीवर कागद ठेवून.

कोर्सला जाईपर्यंत दर रविवारी मी तिला खाणीत नेईन. आणि तू कोण होतीस ते सगळं सांगेन, वसंतरावांसमोर. तुला विचारणार नाही. तुझी पाळी होती तेव्हा तू बोलली नाहीस.

दोराच्या वरच्या टोकाची,
तुझी नलू