आधी करंट, मग पेट्रोल

अण्णा,

तुमची गाडी अजून चालते. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर आल्या आल्या तेच विचारलं असतं, मी कशी आहे ते नंतर. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही राहिलंय असं वाटलंही नव्हतं. शाळेच्या ऑफिसात मी दिवसभर पत्रंच लिहिते, पण ती सगळी 'वरील विषयानुसार' अशी असतात. हे त्यातलं नाही. मागच्या महिन्यात मला एक गोष्ट कळली, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

गाडीपासूनच सुरू करते. यंदा उन्हाळा लागल्यापासून ती तापली की बंद पडायला लागली. सकाळी कळमनुरीत एका चावीत सुरू व्हायची, पाचसात किलोमीटर गेली की आचके द्यायची आणि रस्त्याच्या कडेला उभी राहायची. अर्ध्या तासानं थंड झाली की पुन्हा निमूट चालू. तुमचे जावई रोज संध्याकाळी विचारायचे, "तुझ्या माहेरची म्हातारी आज घरी आली का दवाखान्यात हाय?" भंगारवाल्याला बोलवू का, हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला. या गाडीला मी इतकी वर्षं तुमच्याच पद्धतीनं जगवलंय. रेडिएटर पाझरायला लागला तेव्हा कुरुंद्याची मूठभर हळद आत सोडली, ती चिरेत जाऊन बसली आणि पुढे दोन वर्षं पाण्याचा थेंब गळला नाही. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली तेव्हा धुण्याचा साबण दाबून बसवला आणि शाळा गाठली, डाख नंतर सवडीनं लावून आणला. नवा भाग शेवटी घ्यायचा, आधी जुना साफ करून बघायचा, हे तुमचंच.

तुमचा क्रमही मी कधी सोडला नाही. आधी करंट, मग पेट्रोल, मग हवा. प्लगची वायर काढायची, इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायची, दुसऱ्यानं चावी फिरवायची आणि ठिणगी पडते का बघायचं. निळी पडली तर पेट्रोलकडे जायचं, पिवळी पडली किंवा पडलीच नाही तर तिथंच थांबायचं, पुढे हात लावायचा नाही. मी नववीत असताना आई गेली. त्यानंतर डोंगरकड्याच्या त्या घरात आपण दोघंच. संध्याकाळी मी भाकरी थापते आहे, तुम्ही पलीकडे पाटावर बसून गाडीचे प्लग फडक्यानं पुसता आहात. शेवटची भाकरी उतरली की त्याच आगीवर चिमट्यात धरून तुम्ही प्लग भाजता, काजळी जळून जाईपर्यंत. सगळ्या स्वयंपाकघरात पेट्रोलचा वास. मी नाक मुरडते आणि तुम्ही म्हणता, "भाकरीला वास आला तर पोट सुरू व्हईल एका चावीत." आणि मग एकदम गंभीर होऊन, "पोरी, एक ध्यानात ठेव. दुसऱ्याच्या डोळ्यानं करंट बघायचा न्हाई. कुनी बी सांगू दे, आपन बघायचं."

डेल्कोही तुम्हीच ओळखीचा करून दिला. चारही प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणारा डबा. दोन पकडी सोडल्या की झाकण निघतं आणि आत अंगठ्याएवढा रोटर फिरताना दिसतो. तो नसला तर गाडी नुसती घरघरते, सुरू होत नाही. लग्नाचं भाडं घेऊन नांदेडला मुक्काम पडला की तुम्ही तो रोटर काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि बिनघोर झोपायचे. "गाडीचा जीव खिशात हाय. आता चोराला न्यायची आसंल तर ढकलत नेऊ दे." ही गोष्ट मी लहानपणी मैत्रिणींना किती वेळा सांगितली असेल.

तर यंदाही मी क्रमानं गेले. गाडी बंद पडली की तापलेली असतानाच करंट बघितला. पिवळा. डेल्कोचं झाकण काढलं, आतले करंट तोडणारे-जोडणारे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, तरी पिवळाच. मग रोटर काढून उन्हात धरला तर त्याला केसासारखी बारीक चीर. तापल्यावर ती उघडत असणार आणि करंट तिथूनच पळत असणार. मला आनंद झाला. इंजिन ठीक होतं, दोष एवढ्याशा तुकड्यात होता. पण या गाडीचा रोटर आता दुकानात मिळत नाही, म्हणून मी तुमच्या उस्तादांकडे गेले. वारंगा फाट्यावरचं त्यांचं गॅरेज आता दुसरेच चालवतात. उस्ताद बाहेर खुर्ची टाकून बसलेले असतात, एका डोळ्यानं दिसत नाही, पण येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून रोग सांगतात. मी बसच्या थांब्यावरून चालत गेले तर म्हणाले, "चालत आली म्हंजे म्हातारी रुसली वाटतं."

मी रोटर त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं चाचपला आणि हसायला लागले.

"तुह्या बापाला बी रोटरचं लई याड होतं. रातच्याला खिशात घालून झोपायचा. एकदा तर माझ्यापाशी आनून दिला. म्हनला, उस्ताद, उद्या संध्याकाळपर्यंत ठेव, आन पोरीला सांगू नको."

"काहून?"

"ते न्हाई का, तुहा नांदेडला नंबर लागला होता. साळंत जायचं होतं बघ तुला, इंजिनाच्या. तवा."

ते बोलतच होते. "मी म्हनलं, आरं, तकलीफ काय हाय तुला, जाऊ दे की लेकराला. तर म्हने, ती गेली तर घर खायाला उठतंय मला." मग त्यांना माझा आवाज येईना तेव्हा त्यांनी चांगला डोळा माझ्याकडे वळवला. "बेटा, तुला माहीत न्हाई व्हय? मला वाटलं, मागून सांगितलं आसंल त्यानं. न्हाई सांगितलं?"

नाही सांगितलं, अण्णा.

तो दिवस मी तुम्हाला पुन्हा सांगते, कारण तुमच्याकडे तो वेगळा असेल. मी अठरा वर्षांची. नांदेडच्या पॉलिटेक्निकला प्रवेशाची फेरी, अकरा वाजता नाव पुकारणार, हजर नसलं तर जागा पुढच्याला. यंत्राची शाखा मिळणार होती मला. पहाटे उठून मी दशम्या केल्या, कागदांची पिशवी दोनदा तपासली. सात वाजता तुम्ही चावी फिरवली आणि गाडी नुसती घरघरली. मी वायर काढायला पुढे झाले तर तुम्ही म्हणालात, "करंट मी बघितला, हाय चांगला. तू पेट्रोल बघ." आणि मी नव्या पंजाबी ड्रेसच्या बाह्या वर करून पेट्रोल बघायला लागले. पंपाची नळी काढली, फुंकली. कार्बोरेटर उघडला, त्याचं जेट, ते सुईच्या छिद्राएवढं पितळी तोंड, तारेनं साफ केलं. दोनदा. तुम्ही चावी फिरवत होता. "व्हतंय, पाच मिनटं." आठ वाजता नांदेडची एसटी आली. आपल्या दारापुढूनच जायची ती. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही म्हणालात, "जाऊ दे तिला. तिच्या आधी पोचतो आपन." एसटी गेली. नऊ वाजले, दहा वाजले. मी पायरीवर बसून रडले आणि तुम्ही माझ्या पिशवीतली दशमी काढून माझ्यापुढे धरलीत.

संध्याकाळी तुम्ही बाहेर जाऊन आलात, एकट्यानंच काहीतरी खुडबुड केलीत आणि गाडी एका चावीत सुरू झाली. मी आत भांडी घासत होते. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "जेटमधीच कचरा होता. नीट साफ झालं नव्हतं."

अण्णा, तुम्ही मला थांबवलंत ते मी एक वेळ समजू शकते. आई गेल्यावर तुम्ही रात्री रेडिओ बंद करायचा नाही म्हणायचे, ते मला आठवतं. पण हे वाक्य मला समजत नाही. पुढे मी कळमनुरीच्या कॉलेजात बी.ए. केलं, नोकरीला लागले, आणि कुणी विचारलं, तू इंजिनिअरिंगला का गेली नाहीस, की मी सांगायचे, गाडी बंद पडली, माझ्याच हातून जेट नीट साफ झालं नव्हतं. हसून सांगायचे. आजही कार्बोरेटर उघडला की मी जेट तीनदा साफ करते, उजेडाकडे धरून बघते, पुन्हा फुंकते. जावई म्हणतात, किती घासशील. ते जेट त्या दिवशी साफ होतं. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला एवढं शिकवलंत आणि मग त्याच शिकवलेल्या हातांवर खोटा आळ घेतलात, आणि जाईपर्यंत तो काढला नाहीत. वर चार वर्षांनी तुम्हीच माझं लग्न लावून मला कळमनुरीला दिलंत. तेव्हा घर खायला नाही का उठलं? मला पाठवायचंच होतं तर त्या एसटीनं का नाही पाठवलंत?

तुमच्या शेवटच्या आजारात मी महिनाभर तुमच्याजवळ होते. तुम्हाला बोलता येत होतं. एकदा तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुझ्या हातात कसब हाय." मी ते इतकी वर्षं आशीर्वादासारखं जपून ठेवलं. आता त्याचं काय करू ते कळत नाही. तुम्ही सांगायच्या अगदी जवळ आला होता का? की ते सांगण्याच्या ऐवजी दिलं होतं?

उस्तादांनी जुन्या सामानाच्या डब्यातून मला एक रोटर शोधून दिला. मी तो पर्समध्ये ठेवला आणि पंधरा दिवस गाडीला हात लावला नाही. डेल्कोचं झाकण उघडंच, त्यावर मी फडकं टाकून ठेवलं होतं. जाता येता ते दिसायचं आणि मी मान वळवायचे. जावयांनी या वेळी भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. त्यांना मी काही सांगितलेलं नाही, पण माणसाला कळतं. काल रविवारी त्यांनीच विचारलं, "चावी फिरवू का मी?" मी पर्समधला रोटर बसवला, झाकण लावलं आणि प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली. ठिणगी निळी पडली. मी ती माझ्या डोळ्यांनी बघितली आणि मगच वायर प्लगला जोडली. गाडी सुरू झाली. वारंगा फाट्याच्याही पुढे, डोंगरकड्यापर्यंत जाऊन आलो, कुठे आचका नाही. आपल्या घराच्या जागी आता खताचं दुकान आहे. मी गाडी थांबवली नाही.

हे पत्र मी शाळेच्या कोऱ्या कागदांवर लिहिलंय आणि घडी करून गाडीच्या कप्प्यात, हवेच्या पंपाच्या खाली ठेवणार आहे. उस्तादांना वाचून दाखवावं असं एकदा वाटलं, पण नको. कारण एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नाही.

त्या दिवशी सकाळी बॉनेट उघडल्यावर मी डेल्कोकडे बघितलं होतं. आदल्या दिवशी आपण कच्च्या रस्त्यानं आलो होतो आणि सगळ्या इंजिनावर धुळीचा थर होता. फक्त झाकणाच्या दोन पकडींवर नव्हता. तिथं बोटं उमटलेली होती, ताजी. मी ती बघितली आणि नळी काढायला वाकले. विचारलं नाही. नांदेडचं होस्टेल, सगळ्या वर्गात मी एकटी मुलगी, याची मला आठवडाभर इतकी भीती वाटत होती की झोप नव्हती. एसटी आली तेव्हा तुम्ही 'जाऊ दे' म्हणालात, पण हात तर मलाही होता. तो मी वर केला नाही. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा रडू येण्याच्या आधी, अगदी थोडा वेळ, मला बरं वाटलं होतं.