घाटीत मागे घेतलेला टेम्पो

बाबा, आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. शहरातल्या एका रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका आखली. आखणी माझी.
२. बस वेळेवर धावू लागल्या. शेजारी मोटारींची रांग लांबली.
३. सोमवारी साहेबांनी सांगितलं, सकाळी मोटारींनाही मार्गिकेत सोडायचं. तशा टिपणावर माझी सही हवी. नसेल तर काम दुसऱ्याकडे जाईल.

ते म्हणाले, "मॅडम, तुमची लेन रिकामी पडलीय. पोरं क्रिकेट खेळतील तिच्यात." मी म्हटलं, एका बसमध्ये त्या सगळ्या रांगेइतकी माणसं असतात. त्यावर ते हसले. "बसमधले मला फोन करत नाहीत."

बसमधल्या माणसांचं ते माझं वाक्य मी पुस्तकातलं म्हणून सगळीकडे सांगते. पण ते मी प्रथम तुझ्याकडून ऐकलं. प्रवेश परीक्षेला तू मला मासळीच्या टेम्पोतून कुडाळला नेत होतास. माझ्या कपड्यांना वास लागू नये म्हणून सीटवर धुतलेली चादर घातली होतीस. कट्टा गावाच्या पुढे अरुंद घाटी आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या गडग्यांच्या भिंती. आपण चढतोय आणि वरून एसटी येते, दारापर्यंत भरलेली. चढणाऱ्याला वाट द्यायची असते, मागे एसटीनेच जायला हवं होतं. तू टेम्पो मागे घेऊ लागतोस, पार खालच्या वळणापर्यंत. एसटी जाते. तिच्यामागून गाड्यांची रांग उतरत राहते, तिला कोणी थांबवत नाही.

मी पोचले तेव्हा परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. परत येताना मी म्हणाले, "तुका पोटच्या चेडवापेक्षा एसटी मोठी."

तू गिअर बदललास. मग म्हणालास, "तेच्यात चाळीस माणसां होती गो. आपण दोघां."

त्यानंतर मी तुझ्या टेम्पोत बसले नाही. पुढल्या वर्षी एसटीने जाऊन परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा तू या जगात नव्हतास.

तुझा हिशोब बरोबर होता. तो मी आज नकाशावर मांडून दाखवू शकते. पण मोटारींच्या रांगेतही एखादी मुलगी परीक्षेला निघालेली असेल, हे साहेबांपेक्षा मला जास्त माहीत आहे. तिचं काय करायचं, ते गणितात बसत नाही. मागे घेताना तू आरशात बघत होतास, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मनाशी पक्कं ठरलं होतं म्हणून, की पाहिलं असतंस तर ब्रेक लागला असता म्हणून?

शुक्रवारी अकरा वाजता टिपण माझ्या टेबलावर येईल. गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर दे. हा कागद कुठे जायचा नाही, हे मला कळतं. सही करायची नाही, हेही माझं ठरलं आहे. तरी तुला विचारल्याशिवाय राहवलं नाही.